आधी बोलू तर द्या

आमच्या जिन्याखाली मांजर व्यायली. ही बातमी मला खालच्या मजल्यावरच्या साडेतीन वर्षांच्या मुलीने आणून दिली. दार वाजवलं, आत आली, स्टुलावर चढून बसली आणि सुरू झाली. "ताका, तीन पिल्लं झाली. एत तालं आहे. त्यांचे डोले उघडलेच नाहीत अजून, म्हणून ती आईला वासानी शोधतात. आपण हात लावला ना, तल आई त्यांना दुसलीतडे नेईल. मग आपल्याला दिसणालच नाहीत."

क, र आणि ळ अजून जिभेवर बसलेले नाहीत. बसतील. बाकीचं बघा. तिच्या बोलण्यात 'म्हणून' आहे, 'तर' आहे, 'मग' आहे. कारण आहे, अट आहे, आणि जे अजून घडलेलंच नाही त्याची काळजी आहे. पाचवीच्या निबंधात आपण जे शोधतो ते सगळं या मुलीने एका दमात स्टुलावर बसून सांगितलं.

त्याच आठवड्यात तिच्या शाळेच्या डायरीत शेरा आला : 'रायटिंग स्लो. घरी सराव घ्या.' आईने रात्री साडेनऊला तिला चार रेघी वहीपुढे बसवलं. रेघांच्या आत, पानभर, नुसता स्मॉल 'ए'. रडण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. आधी मुलीचा, मग आईचा.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. नाव बदललं तरी शेरा बदलत नाही. कोथरूडला हाच शेरा, कल्याणला हाच, लातूरलाही हाच. या मुलीची भाषा कच्ची आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला बोलताना एकदाही ऐकलेलं नाही, एवढंच त्या शेऱ्यावरून सिद्ध होतं.

साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून घडत असतात. त्या हाताला कणीक मळू द्या, मणी ओवू द्या, मटाराच्या शेंगा सोलू द्या, फरशीवर खडूने हवे तेवढे गिरगटे काढू द्या. पेन्सिल नंतर येते आणि बऱ्यापैकी सहज येते. बोलण्याची भूक मात्र आत्ता लागलेली असते. ती या वयात मारली, तर सातव्या वर्षी वाचनाच्या तासाला ताटात काय वाढणार?

हे कागदावर कोणाला ठाऊक नाही असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. २०२२ च्या ऑक्टोबरात त्या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. गप्पा, गोष्टी, गाणी, खेळ यांना त्यात मानाची जागा आहे. पण आराखडा आई-बापांच्या हातात पडत नाही. त्यांच्या हातात पडते वही, आणि भरलेली वही म्हणजे वसूल झालेली फी, असा हिशेब दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकला आहे.

मग पुढे काय होतं? २०२४ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या १०० मुलांपैकी जेमतेम २३ जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा १६ होता, म्हणून तेव्हा आनंद झाला. उरलेल्या ७७ मुलांनीही वह्या भरल्या होत्या.

मराठी वाचायला शिकणं हे काही २६ अक्षरांचं काम नाही. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत ३६ व्यंजनं, जुन्या बाराखडीप्रमाणे प्रत्येकाची बारा रूपं. गुणाकार करा : ४३२. जोडाक्षरं वेगळी. मूल हे सगळं दोन-तीन वर्षं हळूहळू पचवत जातं. तो वेळ त्याचा हक्काचा आहे. आपण काय करतो? आधी अख्खी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी, आणि मग, वर्ष संपता संपता, एखादा शब्द. तोवर मुलाला वाटू लागतं की वाचन म्हणजे अर्थ नसलेले आवाज ओळीने काढणं.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत वेगळी वाट घेतली. मुळाक्षरांचा क्रम बाजूला ठेवला आणि अक्षरांचे छोटे गट केले. घरी करून बघा : क, म, ल आणि काना, एवढंच घ्या. काका, मामा, काम, काल, कमाल, लाल, मला, माल, कमल. चार चिन्हं आणि पहिल्याच आठवड्यात मुलाच्या हातात खरे शब्द, ज्यांचा अर्थ त्याला आधीच ठाऊक आहे! 'मामा' वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर त्याचा मामा उभा राहतो. शब्द तोंडात आधीपासून होता, म्हणून तो कागदावर ओळखू आला. तोंडात नसलेला शब्द कागदावर कितीही ठळक छापला तरी परकाच राहतो.

आता दुसरा शेरा. 'घरी इंग्रजीत बोला.' पालकसभेत हा हमखास मिळतो. तो ऐकून घरी जाणाऱ्या आईकडे किती इंग्रजी असतं? ईट फास्ट. वॉश हँड. डोन्ट टच. कम हिअर. सिट प्रॉपर्ली. नीट बघा, हे सगळे हुकूम आहेत. त्या आईला इंग्रजीत हुकूम सोडता येतो. गंमत सांगता येत नाही, आठवण सांगता येत नाही, रुसलेल्या पोराची समजूत काढता येत नाही. तिच्या मराठीत दूध उतू जातं, नासतं, विरजतं. भात करपतो, शिजतो, गिजका होतो. पोळी फुगते, वातड होते, तव्याला चिकटते. ओट्यापाशी लुडबुडणारं मूल ही क्रियापदं फुकट गोळा करत असतं. शाळेच्या एका सल्ल्याने तो खजिना बंद होतो आणि त्याच्या जागी पंधरा हुकूम येतात.

दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं, उशिरा बोलतं, ही भीतीही याच सभांत पसरवली जाते. तिला आधार नाही. सोलापुरात तेलुगू घर, मराठी गल्ली आणि कन्नड शेजार यांत पिढ्यानपिढ्या मुलं वाढली. गोव्यात कोकणी आणि मराठी एकाच ओसरीवर नांदतात. मूल कितीही भाषा उचलेल. त्या भाषेतून कोणीतरी त्याच्याशी मनापासून बोलत असलं पाहिजे, एवढीच त्याची अट असते. इंग्रजीही जरूर येऊ द्या. ती आईची जीभ कापून आणू नका.

हे शहाणपण आपल्याच मातीत होतं, म्हणून राग जास्त येतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली. झाडाखाली, पाड्यावर, जिथे मूल होतं तिथे. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. वारली मुलांना शिकवायचं तर त्यांचं घर, त्यांचं रान, त्यांचं बोलणं यांपासून सुरुवात करायची, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. शंख-शिंपले, बिया, पानं हीच त्यांची शैक्षणिक साधनं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि गावोगाव जी केंद्रं निघाली त्यांना नाव मिळालं अंगणवाडी.

नाव घेतलं, अंगण विसरले. आजच्या अंगणवाडी ताईच्या दिवसाचा हिशेब मांडा. वजन, उंची, दंडाचा घेर, घरपोच आहाराचं वाटप, लसीकरणाच्या दिवशी बोलावणी, सर्वेक्षण, आणि २०२१ पासून मोबाइलवर पोषण ट्रॅकर. नोंद राहिली तर जाब. एखाद्या पोराशी दहा मिनिटं गप्पा मारायच्या राहिल्या तर कोणी जाब विचारत नाही, कारण त्या गप्पांसाठी रकानाच नाही. ताई कमी पडत नाही, ताईचा वेळ आपण कागदांना विकला आहे. ज्या ताया हे सगळं उरकून मुलांना गोल बसवतात आणि "काल कोणाकडे पाहुणे आले होते?" असं विचारतात, त्यांना माझा नमस्कार.

कोसबाडच्याच पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यात, आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये संशोधकांनी काही वर्षं पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा माग काढला. 'लिरिल' नावाने तो अभ्यास ओळखला जातो. वर्गात काय दिसलं? अक्षरं, नक्कल, फळ्यावरून उतरवणं. मुलांनी आपलं काही सांगावं, ऐकलेल्या गोष्टीवर बोलावं, याला वर्गात फारशी जागाच नव्हती. कोसबाडची टेकडी तिथून फार लांब नाही.

पाड्यावरच्या मुलाची आणखी एक अडचण आहे. ते घरून पूर्ण भाषा घेऊन येतं. झाडांची, पाखरांची, खेकडे धरण्याची, पावसाच्या तऱ्हांची नावं घेऊन येतं. पुस्तकातली मराठी मात्र वेगळी असते, आणि वर्गात ते गप्प होतं. त्या गप्प बसण्याला आपण नाव देतो : 'मूल मंद आहे', 'घरी वातावरण नाही'. प्रशिक्षणांत अमेरिकेतला एक आकडाही फेकला जातो, गरीब घरातल्या मुलाच्या कानावर तीन कोटी शब्द कमी पडतात म्हणून. हा आकडा हार्ट आणि रिस्ले यांच्या १९९५ च्या पुस्तकातला. त्यांनी कॅन्सस राज्यातली ४२ कुटुंबं पाहिली होती. घरातल्या इतर माणसांचं, आजूबाजूचं बोलणं धरलं तर ती दरी तशी राहत नाही, असं २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं. तेव्हा मोखाड्याच्या आईला "तुम्ही मुलांशी बोलतच नाही" म्हणून सुनावण्याआधी तिच्या ओट्यावर एक संध्याकाळ काढा. तिथे आजी बोलते, चुलती बोलते, मोठी बहीण बोलते. वर्गात शिरल्यावर त्या मुलाचं बोलणं कोणाला कळत नाही, हा दोष वर्गाचा आहे.

शब्द मोजून काही हाती लागत नाही. मूल बोललं, मोठ्याने उत्तर दिलं, मूल पुन्हा बोललं, हा जो झोका आहे त्यातून भाषा वाढते. म्हणून तर फोन कामाचा नाही. फोन बोलतो, पण ऐकत नाही. मुलाने "भू-भू" म्हणून बोट दाखवलं तरी पडद्यावरचं गाणं पुढे निघून जातं. पॅट्रिशिया कूल यांनी सिएटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर एक प्रयोग केला होता, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चिनी बोलणारी माणसं बाळांसमोर प्रत्यक्ष बसून बारा वेळा खेळली, बोलली, त्यांनी वाचून दाखवलं. त्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक कळू लागला. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेव्हा बाळं काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दोन वर्षांखाली पडदा नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर तासभर. आपल्याकडे सहा महिन्यांनी उष्टावण होतं आणि दुसऱ्या दिवसापासून वाटीशेजारी मोबाइल उभा राहतो.

आईला दोष देऊन हा विषय संपवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ती सकाळी साडेसातची लोकल पकडते, तिला पोराच्या पोटात चार घास जायला हवे असतात. त्या घरात आणखी माणसं असतात. पेपर वाचणारे बाबा असतात, आजोबा असतात. चिऊ-काऊचा घास त्यांनाही भरवता येतो.

आणि चिमणी-कावळ्याच्या घराची गोष्ट तर प्रत्येक मराठी माणसाला येते. ती नीट बघा, काय कारागिरी आहे! मेणाचं घर टिकतं, शेणाचं वाहून जातं. भिजलेला कावळा दार वाजवतो. चिमणी दर वेळी थांबायला सांगते आणि दर वेळी नवं कारण देते : बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, काजळ घालायचंय, तीट लावायचीय. ऐकणाऱ्या बाळाची स्वतःची सकाळ क्रमाने त्या गोष्टीत येते. कावळ्याची हाक तीच, चिमणीचं उत्तर बदलतं. तिसऱ्या वेळी मूल स्वतःच हाक मारू लागतं, पाचव्या वेळी चिमणीचं कारणही तेच पुरवतं. पुढे काय होणार याचा अंदाज बांधणं, क्रम लक्षात ठेवणं, ठरलेल्या साच्यात नवा शब्द बसवणं, वाचायला लागणारी ही सगळी तयारी एका मांडीवर पाच मिनिटांत होते. पैसे पडत नाहीत. शंभराव्यांदा तीच गोष्ट मागितली तर शंभराव्यांदा सांगा. सांगताना 'तावला' म्हणाला तर हसून तुम्हीही 'तावला' म्हणू नका, आणि "कावळा म्हण, क-क-कावळा" असा छळही करू नका. "हो, कावळा आला, भिजलेला कावळा!" म्हणा आणि पुढे चला. त्याच्या कानाला बरोबर शब्द मिळाला, त्याचा पाणउतारा झाला नाही.

आता ज्या घरात मूल बोलतच नाही, तिथे या. या घरांत मला फार सावकाश आणि फार गंभीरपणे बोलायचं आहे.

"याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते." "मुलगे उशिराच बोलतात." "वेखंड उगाळून जिभेला लावा." "जिभेखालचा दोरा कापून आणा, पोपटासारखा बोलेल." हे सल्ले देणाऱ्यांचं काही जात नाही. मुलाची दोन वर्षं जातात, आणि ती भाषेची सगळ्यात मोलाची दोन वर्षं असतात. वेखंडाने वाचा फुटत नाही. जिभेखालच्या दोऱ्यामुळे एखाद्याचा उच्चार अडेल, पण शब्दच येत नाहीत याचं कारण तो दोरा नसतो. साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांचं होईपर्यंत पन्नासेक शब्द आणि 'आई ये', 'दूदू संपलं' अशी जोडणी येते. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, दीड वर्ष झालं तरी एकही शब्द नसेल, दोन वर्षांनी दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर वाट बघू नका. आलेले शब्द जाणं ही तर कोणत्याही वयात धावत जाण्याची गोष्ट आहे.

आणि आधी कान. ताट वाजवलं, बाळ वळलं, म्हणजे ऐकू येतं, अशी घरगुती परीक्षा घेऊन आपण मोकळे होतो. ताटाचा खणखणाट मोठा असतो. 'स', 'श', 'फ' हे बारीक आवाज आहेत. ताट ऐकणाऱ्या बाळाला शब्द अर्धेच ऐकू येत असतील, आणि अर्ध्या ऐकलेल्या भाषेतून पूर्ण भाषा बोलता येत नाही. वारंवार कान फुटणाऱ्या, सर्दीने कानात पाणी साठणाऱ्या मुलांचंही हेच होतं. नवजात बाळाच्या कानाची 'ओएई' तपासणी काही मिनिटांत, झोपेत होते. शंका आली तर 'बेरा' ही पुढची तपासणी करतात. जगभर मानलेलं वेळापत्रक असं : एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचाराची सुरुवात. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, पेढे वाटले जातात. तो कान ऐकतो का, हे बहुतेक घरांत कोणी तपासलेलं नसतं.

सोय नाही म्हणावं तर तसंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर हे चारही त्यांनी बघायचे असतात. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, आणि हे सगळं मोफत. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाणी-श्रवण संस्था १९८३ पासून आहे. पण वाचा-उपचारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, आणि धडगावच्या आईला दर आठवड्याला नाशिक गाठता येत नाही. जिल्हा रुग्णालयांतली ही पदं भरा, ही मागणी कुठल्या जाहीरनाम्यात मी पाहिलेली नाही. मतदान न करणाऱ्यांचा हा प्रश्न आहे, बोलता न येणाऱ्यांचा तर आहेच. म्हणून तो आपण विचारायचा. अंगणवाडीत पथक कधी येणार, हे ताईला आजच विचारा. आलं की "वजन किती?" एवढ्यावर उठू नका. "बोलणं आणि ऐकणं बघा," असं डॉक्टरांना स्पष्ट म्हणा.

खालच्या मजल्यावरची वही सध्या कपाटावर आहे. आईनेच ठेवली. डायरीतला शेरा तिला अजून छळतो, सोमवारी शाळेत काय सांगायचं याची तिला धास्ती आहे. तिच्या वतीने मीच त्या वर्गाच्या बाईंना इथून विनंती करतो. बाई, सोमवारी तिला वही काढायला सांगण्याआधी पिल्लांबद्दल विचारा, आणि तिचं बोलून होईपर्यंत थांबा. काळ्या पिल्लाचे डोळे काल उघडलेत. ती ते सांगायला तुमच्याकडेच येते आहे.